आधी वाशीतल्या फॉर्मचं बोला

महोदय,

भारत-अमेरिका संबंधांवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. 31 ऑक्टोबर 2025 रोजी क्वालालंपूरला झालेला दहा वर्षांचा संरक्षण करार आपण नीट समजावून सांगितलात, त्याबद्दल आभार. व्यापाराची पाळी आली तेव्हा मात्र ‘आंब्यासारखे किरकोळ मुद्दे’ म्हणून विषय उरकलात. वाशीच्या बाजारात रोज वाचल्या जाणाऱ्या दैनिकाने असं लिहावं, याचा राग आला.

मे 2025 इतक्यात विसरलात? 8 आणि 9 तारखेला वाशीच्या केंद्रात विकिरण झालेल्या, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी गॅमा किरण दिलेल्या, आंब्याच्या 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाला अडवल्या गेल्या. आक्षेप किडीवर नव्हता, पीपीक्यू 203 या फॉर्मवर, म्हणजे विकिरण नीट झाल्याच्या दाखल्यावर होता. तो निर्यातदार भरत नाही. वाशीत हजर असलेला अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक विकिरणानंतर सही करून तो देतो. तिकडे पोचल्यावर तोच चुकीचा ठरला. पुढे पर्याय दोनच : माल परत न्या किंवा नष्ट करा. परतीच्या विमानभाड्यात आणि लागणाऱ्या दिवसांत पिकत आलेल्या फळाचं काही उरत नाही, म्हणून माल नष्ट झाला. सुमारे 5 लाख डॉलरचं नुकसान निर्यातदारांच्या माथी आलं. चूक विकिरण केंद्राची की निरीक्षकाची, हा वाद दोन यंत्रणांचा. ज्याने फॉर्मला हातही लावला नाही, त्याने पैसे का भरावेत?

विकिरणाचं काम काय असतं तेही छापा. कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेला किमान 400 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) मात्रा लागते. ती खोक्यात किरण सर्वांत कमी पोचतात त्या जागी मिळाली पाहिजे, म्हणून डोसीमीटर, म्हणजे मात्रा मोजणारं साधनही त्याच जागेच्या हिशेबाने लावतात. साहजिकच कडेच्या फळांना जास्त मात्रा बसते, आणि वरची मर्यादा आहे 1000 ग्रे. खोकी दाटीवाटीने रचली किंवा खोक्यात फळं भरण्याचं प्रमाण बदललं की आतल्या आणि कडेच्या मात्रेतला फरक वाढतो. मात्रा जास्त झाली तर सालीवर डाग येतात, फळ एकसारखं पिकत नाही. डोसीमीटरचं वाचन, लॉट नंबर, खोक्यांची संख्या, तारीख हे सगळं 203 वर आणि फायटो प्रमाणपत्रावर (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) जुळावं लागतं. खोक्यांची हवेची भोकंही जाळीने बंद हवीत, नाहीतर विकिरणानंतर माशी पुन्हा आत शिरते.

एवढं सगळं बरोबर करूनही माल कागदावर अडत असेल, तर दोन्ही सरकारांनी आधी तिथे बसावं. वाचनाची नोंद आणि 203 शेजारी ठेवून भारतीय आणि अमेरिकी अधिकाऱ्याने ट्रक केंद्रातून सुटण्यापूर्वी दोन सह्या कराव्यात. चूक निघालीच तर मूळ नोंदी पाहून 24 तासांत दुरुस्त फॉर्म पाठवण्याची सोय हवी. फळ जास्त थांबत नाही. विकिरणावरची देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे द्यायचं जानेवारी 2022 मध्येच ठरलं आहे. त्याच वेळी भारताने अमेरिकी चेरीला आणि अल्फाल्फा चाऱ्याला बाजार खुला करायचं मान्य केलं. आपल्या वार्ताहराने दिल्लीत विचारावं की देखरेखीचा पुढचा टप्पा कधी.

आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर ‘किरणोत्सारी आंबा’ असा मथळा आहे. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी फळ किरणोत्सारी होत नाही. किरण आरपार जातात, स्रोत आणि फळ यांचा स्पर्शही होत नाही. हंगामाच्या तोंडावर असा मथळा वाचून गिऱ्हाईक पेटी खाली ठेवतं. दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई