सेवेचे तास आणि शिष्यवृत्तीचा रकाना

संपादक महोदय,

निकालांचे दिवस सरले की खासगी न्यासांच्या आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज सुटतात. गुण आणि उत्पन्न यांच्या खाली 'केलेले सामाजिक कार्य' असा एक रकाना त्यांतल्या बऱ्याच अर्जांत असतो. काही शिष्यवृत्त्या तर त्या रकान्यावरच ठरतात. मुलांनी काम केलेले असते, पण त्याचा कागद वेळेवर हाती नसतो आणि असला तरी त्यावरून काम कळत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे या रकान्यात बहुतेकांना लिहायचे असते ते राष्ट्रीय सेवा योजनेचे काम. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर वेगळे. त्या १२० तासांपैकी साधारण २० उद्बोधनाचे, ३० महाविद्यालयाच्या आवारातले आणि उरलेले ७० दत्तक गावातले किंवा वस्तीतले. शिष्यवृत्तीच्या दृष्टीने वजन आहे ते या सत्तरांना. '२४० तास समाजसेवा केली' असे ठोकून देणाऱ्या मुलाला मुलाखतीत कुणी विभागणी विचारली की तो गडबडतो. 'दोन वर्षांत १४० तास गावात' हा आकडा लहान दिसतो, पण तपासला तरी टिकतो. शिबिराचे सात गुणिले चोवीस करून १६८ तास लावणारेही भेटतात. म्हणजे रात्रीची झोपसुद्धा समाजसेवेत!

खरी अडचण तारखांची आहे. योजनेचे प्रमाणपत्र दोन वर्षे आणि शिबिर पूर्ण झाल्यावर मिळते. शिष्यवृत्ती मात्र मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हवी असते. अशा वेळी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर तासांचा दाखला मागावा. त्यात कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, त्यांपैकी गावातले किती, गावाचे नाव आणि कामाचे स्वरूप एवढे हवे. खाली कार्यक्रम अधिकारी (महाविद्यालयात योजनेचे काम पाहणारे प्राध्यापक) आणि प्राचार्य या दोघांच्या सह्या, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख. जावक क्रमांक नसलेला दाखला पडताळणीत अडकतो, कारण कार्यालयात फोन गेला की तिथल्या लिपिकाला तो सापडत नाही. महाविद्यालयांना आमची विनंती अशी की पहिल्या वर्षाचे १२० तास भरले की हा दाखला न मागता द्यावा. जूनमध्ये कार्यक्रम अधिकारी बदललेले असतात आणि जुनी हजेरी कुणाच्या कपाटात आहे ते शोधत मुले हिंडतात.

नोंदवहीत बहुधा 'वनराई बंधारा, ४ तास' एवढीच ओळ असते. या ओळीवरून निवड समितीला काहीच कळत नाही. वास्तविक मातीच्या गोण्या रचून ओढ्याचे पाणी अडवण्याच्या या एका कामात सांगण्यासारखे किती आहे! सिमेंटची रिकामी गोणी पाऊण भरून तोंड सुतळीने शिवायचे. काठोकाठ भरली तर ती गोल होते, दोन गोण्यांत फट राहते आणि पाणी तिथूनच वाट काढते. वरचा थर विटांसारखा रचायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. मधे माती ठासायची. ओढा वाहता असतानाच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे उरकले तर उपयोग. शिबिरे मात्र परीक्षा आटोपून डिसेंबर-जानेवारीत पडतात आणि तोवर पुष्कळ ओढ्यांत अडवायला पाणीच उरलेले नसते. किती गोण्या लागल्या, बंधारा कोणत्या तारखेला बांधला, पाणी कधीपर्यंत टिकले आणि कुठून गळाले, हे चार ओळींत लिहिणारा विद्यार्थी 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' असे लिहिणाऱ्याच्या पुढे जातो. गळालेला बंधारा लपवू नये. समितीतल्या जाणत्या माणसाचा विश्वास बसतो तो त्यावरच. पण हे सगळे त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या दिसतात.

छायाचित्रांचेही तेच. फलक धरून उभा असलेला घोळका, ज्यात झाडू वीस दिसतात आणि कचरा कुठेच दिसत नाही, तो जोडू नये. एकाच जागेवरून टिपलेली कामाआधीची आणि नंतरची अशी दोन पुरतात. शिफारसपत्र नगरसेवकाचे आणण्यापेक्षा ज्यांनी काम पाहिले त्या मुख्याध्यापिका, आशाताई किंवा ग्रामपंचायत यांचे आणावे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एक घोळ वाढला आहे. सेवा योजना आणि समाजाशी निगडित प्रकल्प यांना आता अभ्यासक्रमात श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. 'स्वेच्छेने, मोबदल्याशिवाय केलेले काम' मागणाऱ्या अर्जात श्रेयांकाचे तास स्वेच्छेचे म्हणून दाखवले आणि गुणपत्रिकेत तेच दिसले, तर अर्ज खोटा ठरू शकतो. दोन्ही वेगळे लिहावेत आणि तसे म्हणावे.

बाकी कागदांत घात करते ते नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, पासबुकात वडिलांच्या नावाचे एकच अक्षर. तिन्ही जुळवून घेण्याचे काम अर्ज सुटण्याआधीच करावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितलेल्या वर्षाचाच हवा. अर्ज 'सेव्ह' करून 'सबमिट' न करणारे दर वर्षी निघतात, त्यामुळे अर्ज क्रमांक आलेल्या पानाची प्रत काढल्याशिवाय सायबर कॅफेतून उठू नये.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. नुसते तास मोजले की ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे तो जिंकतो. जिची शेवटची एसटी पाचला सुटते, जी पहाटे दोन म्हशींचे दूध काढून वर्गात येते किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सगळे करते, तिचे तास साठच भरतात. शिष्यवृत्तीची गरज सर्वांत जास्त तिलाच असते. अर्जात 'कॉलेजबाहेरच्या जबाबदाऱ्या' असा एक रकाना घालायला काही खर्च नाही. तसेच निबंधाला मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी. बंधारा बांधणारी मुले इंग्रजी निबंध कॅफेवाल्याकडून लिहून घेतात आणि मग एका तालुक्यातून एकाच मजकुराचे दहा अर्ज येतात. ते सगळे एकदम बाद होतात, त्यात खरे काम केलेलेही जातात.

– राष्ट्रीय सेवा योजनेचे काही माजी कार्यक्रम अधिकारी, सातारा