बाल्कनीतल्या सळया

स्टुटगार्ट

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. व्हिडिओ कॉलवर सळया दिसल्यापासून बाबा विचारतायत, म्हणून आधी तेच. त्या सळया म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारा माझा अँटेना. ती दुसरी नोकरी नाही, त्यात बेकायदा काही नाही आणि त्यापायी झोपही मोडत नाही. ऑफिसात लिहिलेला कोड पडद्यावरच राहतो. इथे कोड आठशे किलोमीटरहून वरून आलेल्या क्षीण लहरींतून ढगांचं चित्र उभं करतो, आणि त्याचं मला मनापासून वेड आहे. मेटिओर हे रशियन हवामान उपग्रह आपली चित्रं सगळ्यांसाठी खुली सोडतात. आपण फक्त ऐकायचं. प्रक्षेपण करायला परवाना लागतो, हे ऐकायला इथे लागत नाही. अमेरिकेचे जुने नोआ उपग्रह 2025 मध्ये बंद झाले, म्हणून आता मेटिओर एम2-3 आणि एम2-4 यांच्यावर भिस्त. त्यातला एम2-4 धरावा. एम2-3 चा अँटेना नीट उघडला नाही, त्याचा सिग्नल कमजोर येतो.

ओंकारला करायचंय ना, त्याला हे वाचायला द्या. ॲल्युमिनियमच्या दोन सळया, प्रत्येकी 53.4 सेंटिमीटर, कनेक्टरमध्ये शिरणारा भाग धरून. इलेक्ट्रिकच्या दुकानातली स्क्रूवाली कनेक्टर पट्टी घ्यायची. एका सळईला केबलची मधली तार, दुसरीला तिची बाहेरची जाळी. सळया जमिनीला समांतर, मधला कोन 120 अंश, उघडी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला, कारण उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे जातो. डिश टीव्हीची आरजी-6 केबल चालेल. ती 75 ओहमची आणि डोंगल (कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) 50 चा, पण त्याचा तोटा नगण्य. लांबी दहा मीटरच्या आत ठेव. आपल्या गॅलरीच्या लोखंडी ग्रिलपासून निदान मीटरभर लांब बांध, नाहीतर मोजून कापलेल्या सळयांना अर्थ उरत नाही.

डोंगल आरटीएल-एसडीआरचा, टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी स्थिर राहणारा ऑसिलेटर) असलेलाच घे; साधा तापला की वारंवारिता सरकते. सॅटडंप हे सिग्नलचं चित्र करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मेटिओर एलआरपीटी 72के हा पर्याय निवडून 137.9 मेगाहर्ट्झ लाव. ऑटो गेन (सिग्नल आपोआप वाढवणं) बंद करून 35 ते 40 च्या आसपास सुरुवात कर. गेन फार वाढवला की जवळचं एफएम स्टेशन आत घुसतं आणि सगळं बुडतं. तसं झालं तर एफएम अडवणारा फिल्टर लाव. आधी पडद्यावर ठिपक्यांचा एकच गोळा दिसतो. उपग्रह वर चढला की त्याचे चार पुंजके सुटे होतात, तेव्हा चित्र सुरू झालं समजायचं. बिघडलेले बिट्स व्हिटर्बी आणि रीड-सॉलोमन या चुका सुधारणाऱ्या पद्धती दुरुस्त करतात, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे चित्रात काळे पट्टे येतात. पट्टे आले की आधी घरातले एलईडी दिवे, स्वस्त चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून बघ. अँटेनावर संशय त्यानंतर. कक्षेची माहिती दर आठवड्याला ताजी कर, नाहीतर वेळ चुकते. एक फेरी जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची. वाईच्या पश्चिमेकडून जाणारी धरलीस तर अरबी समुद्रावरून चढणारे पावसाचे ढग मिळतील. रात्री फक्त इन्फ्रारेड.

बाबा, डोंगलचा विजेचा खर्च दीड वॉट, झीरोच्या बल्बापेक्षा कमी. मेघगर्जना ऐकू आली की केबल काढून अँटेना खाली उतरवायचा, ही माझी अट ओंकारला सांगा. गच्चीवर कायमचा लावू देऊ नका.

आई, शनिवारी मी फोन उचलत नाही त्याचं कारण केअरवोखे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. या भागात बऱ्याच इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला आळीपाळीने आठवडा येतो. दारावर पाटी लटकते, म्हणजे पाळी तुमची. लहान पाळी असेल तर आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडून पुसायचा. मोठी असेल तर तळघराची वाट, अंगण, इमारतीपुढचा फुटपाथ, हिवाळ्यात बर्फसुद्धा. मुख्य म्हणजे जिना चकचकीत असला तरी झाडायचाच. झाडताना लोकांनी पाहिलं तर उत्तम, कारण मळ निघाला का यापेक्षा पाळी पाळली गेली का, हे मोजलं जातं. मग पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. पाळी टाळली तर शेजारी भांडत नाहीत, पण जिन्यात नमस्काराला उत्तर मिळत नाही. रविवारी बर्फ सोडला तर यातलं काही नाही, भिंतीला ड्रिलही लावायचं नाही. सोल्डरिंगचा आवाज नसतो, म्हणून ते रविवारी.

पत्र्याचे पैसे या महिन्यात पाठवते, ओंकारच्या फीचे जुलैत. सुतारकाकांना थोडे आधी द्या, पावसाआधी काम उरकेल. गणपतीला येणं जमत नाही, रजा शिल्लक नाही. मखराचं बाबांवर एकट्यावर पडेल, हे मला कळतं आणि डाचतंही. दिव्यांच्या माळा तरी ओंकारकडून करून घ्या, मी आकृती पाठवते. काकूंच्या ओळखीच्या पुण्याच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. पत्रिका इतक्यात देऊ नका, आधी मला फोनवर बोलू द्या. मुलाला या सळयांबद्दल आधीच सांगून ठेवा, मी त्या सोडणार नाही. आई, गुडघ्याच्या गोळ्या संपल्या की लगेच कळव, पुढच्या पैशांची वाट बघू नकोस.

तुमची,
मनू