वॅट नव्हे, ज्यूल विचार

म्हापसा,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

"सप्लायच्या कपॅसिटरआधीचा रेझिस्टर दोन वॅटचा घालू की पाचचा?" एवढं विचारून मोकळा झालास. सांगतो, पण आधी माझी फजिती ऐक.

चवथीआधी आमच्या आरतीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय मीच दुरुस्त केला. चालू करताना रिकामा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भसकन करंट ओढतो, म्हणून वाटेत 100 ओहमचा रेझिस्टर. अर्ध्या सेकंदानं रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, त्याला बायपास करतो. मी हिशेब केला, दिवसातून एकदा अर्धा सेकंद म्हणजे सरासरी वॅट जवळजवळ शून्य! घातला दोन वॅटचा मेटल फिल्म. संध्याकाळी पाऊस आला, वीज चारदा गेली-आली आणि ऐन आरतीत आवाज बंद. रेझिस्टर दिसायला कोरा करकरीत, मीटरवर मात्र ओपन, म्हणजे आतून तुटलेला. घरच्यांनी पातोळ्या वाढता वाढता माझी जी थट्टा केली, ती लिहीत नाही.

आता हे बघ. घरच्या 230 व्होल्टच्या लाटेचं शिखर 325 व्होल्ट. 470 मायक्रोफॅरड तिथवर भरताना रेझिस्टरमध्ये ढोबळमानानं 25 ज्यूल उष्णता होते. ज्यूल म्हणजे एकूण ऊर्जा, वॅट म्हणजे दर सेकंदाचे ज्यूल. ओहम दुप्पट केलेस तरी ज्यूल तेवढेच; फक्त पहिला फटका निम्मा होतो आणि वेळ लांबतो. 100 ओहमवर तो फटका हजार वॅटच्या वर जातो.

अंगावर छापलेले वॅट सतत चालण्यासाठीचे, तेही बहुधा 70 अंशांपर्यंतच्या हवेत. क्षणभराच्या फटक्यात उष्णतेला बाहेर पडायला वेळच नसतो. ती जिथं निर्माण होते तिथंच साठते. फिल्ममध्ये ते ठिकाण म्हणजे सिरॅमिकवरचा पातळ थर, तोही मळसूत्रासारखा कापलेला. तार गुंडाळून केलेल्या वायरवाउंडमध्ये अख्खी तार. निखाऱ्यावर पापड टाक आणि भाकरी टाक, तसं.

डेटाशीटमधलं 'दहापट, 5 सेकंद', म्हणजे छापील वॅटच्या दहापट 5 सेकंद चालेल, हे वाचून मात्र हुरळू नकोस. 5 वॅटच्या रेझिस्टरला त्याचे 250 ज्यूल होतात, पण 5 सेकंदांत पसरलेले. तेवढेच 50 मिलिसेकंदांत ओतलेस तर तार सिरॅमिकला उष्णता देणार कधी? डेटाशीटमध्ये पल्सचा, म्हणजे क्षणभराच्या फटक्याचा, आलेख असेल तोच भाग घे.

मी शेवटी 5 वॅटचा वायरवाउंड बसवला आणि त्याला चिकटून थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा. रिले अडकून उघडाच राहिला, म्हणजे बायपास झालाच नाही, तर सगळा लोड रेझिस्टरवर येतो. तिथं पाच काय, दहा वॅटही धूर काढतील.

तुझ्या कपॅसिटरवरचा आकडा मात्र लिहायला विसरलास. तो कळव, मग वॅट सांगतो.

तुझाच,
आरती बुडवणारा