वॉचमनकाकांच्या टॉर्चचे सेल बदलण्याबाबत (आता लेखी)

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तोंडी सांगून झालं, ग्रुपवर लिहून झालं, सेक्रेटरीसाहेबांचं "बघतो" पण ऐकून झालं, म्हणून आता रीतसर पत्र देतोय. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना सोसायटीने जो मोठा टॉर्च दिलाय तो चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती खरेदी बघणाऱ्या बी विंगमधल्या सभासदांनी त्यात घातलेल्या चार्जिंगच्या सेलबद्दल.

त्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) छापलंय. साहेब, हा १८६५० सेल आहे, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, आणि एवढ्या आकारात नामांकित कंपन्यासुद्धा ३५०० च्या आसपासच जातात, मग ९९०० कुठून येणार? चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, हा मी काट्यावर ठेवला तर निम्माही भरला नाही. मी स्वतः नाइट ड्युटीला असाच टॉर्च वापरतो त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये. फुल ब्राइटनेसला असा टॉर्च कित्येक अँपिअर करंट ओढतो, तो देण्याची ताकद सेलमध्ये नसेल तर व्होल्टेज लगेच पडतं आणि उजेड मंदावतो. काका पार्किंगच्या मागच्या बाजूला पोचेपर्यंत नेमकं हेच होतं. हे त्या सभासदांना सांगितलं तर म्हणे आकडा मोठा तो सेल चांगला, तुम्हाला काय कळतं.

पुढचं जास्त गंभीर आहे. टॉर्चमध्ये दोन सेल एकामागोमाग बसतात आणि यांनी एक जुना, एक नवा घातलाय. अशा जोडीत कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहतो, सेल गरम होतो, फुटूही शकतो. त्यात एकाचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलंय. १८६५० ची पूर्ण बॉडी निगेटिव्ह असते, त्यामुळे वरच्या टोकाशी कुठे धातू टेकला की सरळ शॉर्ट. आणि फ्लॅट टॉप, म्हणजे वरचं टोक सपाट असलेला सेल टॉर्चमध्ये नीट टेकत नाही म्हणून मध्ये अॅल्युमिनियम फॉइलची घडी घातलीय!! हे सगळं चार्जिंगला कुठे, तर मीटर रूममध्ये, कोणाचं लक्ष नसताना. लिथियमचा सेल पेटला तर काय होतं ते मी सांगायला नको.

माझ्या दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडसाठी उपविधी दाखवून लगेच नोटीस आली होती, मी स्टँड आत घेतला, वाद घातला नाही. त्याच उपविधीत सोसायटीच्या मालमत्तेची नीट देखभाल ही कमिटीची जबाबदारी म्हटलीय, ते पान पण कोणीतरी उघडा. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचं हेच मत आहे, फक्त खरेदीवाल्या सभासदांशी वाईटपणा नको म्हणून लिहून द्यायला कोणी पुढे येत नाही.

मागणी फार नाही. नामांकित कंपनीचे, प्रोटेक्शन सर्किटवाले (शॉर्ट झालं किंवा सेल फार रिकामा झाला की आपोआप करंट तोडणारे), बटन टॉप (वरच्या टोकाला उंचवटा असलेले) सेल अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. प्रोटेक्शनवाले सेल ७० मिमीपर्यंत लांब असतात, त्यामुळे टॉर्च सोबत नेऊन बसवून बघा. सेलवर सलग किती अँपिअर देतो ते बघून घ्या, एमएएच नंतर. दोन जोड्या घ्या, मार्करने खूण करा, जोडी कधी फोडू नका. चार्जर प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा आणि ४.२ व्होल्टला थांबणारा हवा, तो वॉचमन केबिनमध्ये काकांच्या नजरेसमोर ठेवा. जुने सेल कचऱ्यात न टाकता ई-वेस्टला द्या. आणि ही खरेदी यापुढे त्याच सभासदांकडे नको, हे मी स्पष्टच लिहितोय.

मीटर रूममधला चार्जर मात्र मीटिंगची वाट न बघता आजच काढावा. पत्राची पोच आणि लेखी उत्तर मिळावं.

आपला,
ए विंगमधील सभासद