बाबा, तुमचं नाव मीच अडवलंय

ऐरोली, शनिवार

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही एवढे तापलात की आईने फोन काढून घेतला. ‘६४ वर्षं हे नाव लावतोय, आणि मोबाइल म्हणतो दुसऱ्याने घेतलंय!’ त्यात रिडेव्हलपमेंटचे कागद ईमेलवरच येणार म्हणून कमिटीला सोमवारपर्यंत पत्ता हवा.

आपल्या नौपाड्याच्या इमारतीत पाटील तीन. तरी पोस्टमन ‘रेल्वेतले का?’ एवढंच विचारतो आणि पत्र बरोबर घरी येतं. ईमेलला अशी विचारपूस जमत नाही, तिथे एका पत्त्याला एकच पेटी. जीमेल २००४ पासून आहे, सरळसाधी नावं केव्हाच संपली. तुम्ही मध्ये डॉट घालून पाहिलात, तरी तेच उत्तर. कारण जीमेल डॉट मोजतच नाही. अंडरस्कोर तर घेतच नाही. (आई, तू सुचवलेलं नुसतं ‘आई’ इंग्रजीत तीन अक्षरांत संपतं. निदान सहा लागतात!)

आता खरं सांगते, रागावू नका. तुमचं नाव कुठल्या दुसऱ्या पाटलांनी नाही, मीच घेतलं होतं. २०११ मध्ये कॉलेजच्या फॉर्मसाठी तुमच्या नावाने खातं काढलं. पुढे जाहिरातींचा कचरा साठला, तेव्हा तुम्हाला न विचारता डिलीट करून टाकलं. डिलीट झालेला पत्ता जीमेल पुन्हा कोणालाच देत नाही. तुम्हालाही नाही. सोयीचं नाही, पण मला पटतं. तोच पत्ता उद्या बी विंगमधल्या पाटलांना मिळाला, तर तुमच्या बँकेची पत्रं आणि पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा त्यांच्याकडे जाईल.

तेव्हा आई, कपाटातल्या निळ्या फायलीत बँकेच्या केवायसीची झेरॉक्स आहे, तिच्यावर हा जुना पत्ता दिलाय का बघून ठेव. असला तर सोमवारी शाखेत जाऊन बदलून घ्या.

नव्या पत्त्यात जन्मसाल नको, ते गावभर कशाला? आपल्या गावाचं नाव जोडून बघू. उद्या सकाळी लोकलने येतेच, तुमच्याच फोनवर काढू आणि मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावू. पासवर्ड मात्र लावायचा नाही हं, बाबा. मागे वायफायचा लावलात, तर शेजारचा बंड्या महिनाभर आपल्या जिन्यातच मुक्कामाला होता.

आई, साबुदाणा भिजवून ठेव.

तुमची नावचोर,
मनू