नाना, तुमच्या ‘नाही’बद्दल आभार

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही “बट्ट्या झाल्या का रे?” म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. आता मध्येच तोडता येणार नाही.

पाचोरा-जामनेर ही आपली ‘पीजे’, ५६ किलोमीटरची, अडीच फुटी रुळांची. शंभरी पार केलेली ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती थांबलीच. लहानपणी शेंदुर्णीला मामाकडे जाताना डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण आमच्यातल्या काहींना अजून आठवतो. म्हणून शेडमध्ये गंजत पडलेलं ते छोटं इंजिन उभं करायचं म्हटल्यावर माणसं गोळा करावी लागली नाहीत. शिक्षक, कापसाचा व्यापारी, आयटीआयची दोन पोरं, टायर पंक्चरवाला, सगळे आपणहून आले. परवानगीचा कागद किती टेबलांवरून फिरला ते सोडा, त्याचं वेगळं पत्र होईल.

आमचा हट्ट एकच होता, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बॉयलर पेटवायचा. पत्रिकेचा मजकूरसुद्धा तयार होता.

मग भुसावळहून तुम्ही आलात. चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात वाफेची इंजिनं बनवणं १९७२ साली थांबलं, आणि तुम्ही बॉयलरचं काम शिकायला लागलात ते त्याच सुमारास. बुडत्या धंद्यात मन लावून शिकलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. चहासुद्धा न घेता, या वयात, तुम्ही भट्टीच्या तोंडातून आत शिरलात. आमच्यातला सडपातळ पोरगाही तिथे अडकला होता. आतून नुसता हातोडीचा आवाज येत राहिला. टण्, टण्, टण्, आणि मध्येच एक बोदा ठोका. तिथे तुम्ही खडूने फुली मारायचात. भट्टीची भिंत आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारे ते स्टे. शाबूत असला तर खणखणतो, तुटलेला बोदा वाजतो. “लोखंडले बी कान ऱ्हातस,” असं पुटपुटत तुम्ही बाहेर आलात, तेव्हा आत खडूच्या बावीस फुल्या होत्या. वरचा पत्राही खाऊन पातळ झालेला.

“पेटवायचं नाही,” एवढंच म्हणालात.

त्यावर मी जे बोललो, ते आज इथे कबूल करतो. “टँकरवाला वेल्डर दोन दिवसांत ठिगळ मारून देईल, तुम्ही उगाच घाबरवता.” तुम्ही चिडला नाहीत. लोटाभर पाणी मागवलंत आणि म्हणालात, एक लिटर पाण्याची वाफ मोकळी सुटली तर सोळाशे लिटरांवर जागा मागते. बॉयलरमध्ये असं पाणी किती असेल, आणि आखाजीच्या दिवशी इंजिनाभोवती पोरं किती उभी असतील, याचा हिशेब तूच कर. मास्तर असून मला तो हिशेब पुढे करवेना.

पत्रिका रद्द झाली. चार जण रुसून यायचे बंद झाले, त्यातले तीन परत आले.

त्यानंतर तुम्ही सतरा रविवार आलात. भाड्याचे पैसे दिले तर पिशवीत परत सापडायचे. जाम झालेली चाकं आम्ही पहारीने हलवायला निघालो होतो. तुम्ही आठ दिवस नुसतं डिझेल आणि घासलेट पाजायला लावलंत, रोज सकाळ-संध्याकाळ, जशी बाळंतिणीची उस्तवार करतात तशी. नवव्या दिवशी जॅक लावल्यावर इंजिन वीतभर सरकलं. त्या वीतभरासाठी पंक्चरवाला भाऊ रडला होता, हे त्याने कोणाला सांगू नका म्हटलंय.

शेडचंही तसंच. जुन्या चुन्याच्या भिंतीवर आम्ही हौसेने सिमेंट थापलं होतं. तुम्ही ते खरवडायला लावलंत. सिमेंटमागे ओल कोंडते आणि विटा आतून भुसभुशीत होतात, हे आम्हाला पुढच्या पावसाळ्यात आपोआप कळलं असतंच, पण भिंत गेल्यावर. बॉयलरवाल्या माणसाला चुन्याचं इतकं कसं माहीत, हे विचारायचं राहिलंय.

आखाजीला इंजिन पेटलं नाही, पण काळं कुळकुळीत होऊन उभं राहिलं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडून आपण शिट्टी वाजवली. बायका झोक्यावरून उतरून बघायला आल्या. मला आवाज लहानपणीपेक्षा जाडसर वाटला, म्हातारपण असेल म्हणून मी गप्प बसलो. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, हवेवर शिट्टी खाली बोलते, वाफेवर चढते. म्हणजे माझ्या कानांना बरोबर आठवत होतं! त्या एका वाक्याचे आभार वेगळे.

डाव्या बाजूच्या रॉडचं ब्रास, म्हणजे पितळी बेअरिंग, अजून अडतंय. आम्ही हात लावलेला नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने या, स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभा राहतो. वरणबट्टीला तूप घरचं आहे.

तुमचा,
शेडमधला मास्तर