नागपूरच्या महालातल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही हे स्वतःहून वाचणार नाही, हे मला माहीत आहे. पण सूनबाई दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असते ही तुमचीच तक्रार, तेव्हा ती वाचून दाखवेल या भरवशावर लिहिते.

पोळ्याच्या संध्याकाळी तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडणारी पोट्टी ती मीच. तेव्हा नीट सांगताही आलं नव्हतं, म्हणून आता सांगते.

मी फोटोग्राफीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाला 12 फोटोंची मालिका द्यायची होती आणि मी विषय घेतला मारबत, म्हणजे आपल्या नागपुरातली काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. वर्गातल्या बाकीच्यांनी फुटाळा तलाव घेतला, अजब बंगल्याचं म्युझियम घेतलं. त्यांचं बरं आहे, आज नाही जमलं तर उद्या जाता येतं. मारबत वर्षातून एकदाच निघते, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि माझा कॅमेरा बंद पडला तो बरोबर आदल्या दुपारी. इतवारीत सरावाला म्हणून फिरत होते, आतून खट्ट झालं आणि त्यानंतरची प्रत्येक फ्रेम अर्धी काळी. शटरचा पडदाच अडकला होता. काटोलला आमच्या संत्र्याच्या मृग बहाराचे पैसे आले तेव्हा बाबांनी घेऊन दिलेला सेकंडहँड कॅमेरा तो. घरी फोन करून सांगायची हिंमतच झाली नाही.

त्या दुपारी मी कुठे कुठे गेले ते एकदा मोकळं होऊ द्या. कॉलेजच्या कपाटात दोन चांगले कॅमेरे असतात. फॉर्मवर विभागप्रमुखांची सही नव्हती आणि ते पोळ्यासाठी गावाला गेलेले. "नियम आहे," कपाट सांभाळणारे म्हणाले. कपाटाची किल्ली बोलणाऱ्याच्याच खिशात वाजत होती. भाड्याने देणाऱ्याने डिपॉझिटचा जो आकडा सांगितला, तेवढे पैसे असते तर मी भाड्याने कशाला घेतला असता? आणि एका वर्गमित्राकडे तीन बॉडी आहेत, तीन! तो म्हणाला, "कॅमेरा आणि बायको कोणाला देत नसतात." त्याचं लग्न व्हायचं आहे अजून. देव त्या मुलीचं भलं करो.

मग महालात सगळी दुकानं बंद, तुमचंच शटर तेवढं अर्धं उघडं. बाहेर काचेत पासपोर्ट फोटोचे नमुने आणि एक पिवळी पडलेली नवरी. खोटं कशाला बोलू काका, पहिल्या वर्षाला आम्ही 'पासपोर्टवाले' म्हणून तुमच्यासारख्यांना हसायचो. त्या दिवशीही मी तुमच्याकडे मदत मागायला आले नव्हते. पायरी दिसली, बसले.

"काहून रडून राहिली वो बाई?"

मी सांगितलं. तुम्ही माझा कॅमेरा हातात घेतला, लेन्स काढून आत पाहिलं, "हे आज होत नाही" म्हणालात आणि आत गेलात. मला वाटलं संपलं. तुम्ही बाहेर आलात ते तुमचा लग्नाचा कॅमेरा घेऊन. पस्तीस एमएमची लेन्स, रिकामं कार्ड, दोन बॅटऱ्या. नाव विचारलं नाही, आधार कार्ड मागितलं नाही.

पण मला आठवतो तो पट्टा. कॅमेरा माझ्या गळ्यात घातला तर तो पार कमरेखाली लोंबत होता. तुमचं पोट मोठं, उंची मोठी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला, बकलमधून पट्टा उलटा काढला आणि ओढून ओढून आखूड करायला लागलात. वर्षानुवर्षं एकाच मापावर असलेला पट्टा, घामाने कडक झालेला, हलायला तयार नाही. तुम्ही दातात धरून ओढलात. मग दूर उभं राहून पाहिलंत, शिंपी पाहतो तसं, आणि डावी बाजू अजून थोडी घेतलीत. "गर्दीत धक्का लागला तर छातीशी राह्यला पायजे," म्हणालात.

कॅमेरा कोणीही देईल असं म्हणणार नाही, वर सांगितलंच आहे कोणी कोणी दिला नाही ते. पण दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या मापाची करून देणं मी पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्या दोन मिनिटांत मला वाटलं, उद्या मला काम करायचं आहे हे या माणसाने गृहीत धरलंय.

निघताना मागून ओरडलात, "काळ्या मारबतीले मीटर फसते! एक स्टॉप खाली घेजो!" चार वर्षं आम्ही वर्गात शिकलो की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं समजून मोजतो. परीक्षेत लिहिलंही. पण एक स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्मा, घेतला नाही तर काळी मारबत करडी होऊन येईल आणि पिवळीला उलट थोडा जास्त प्रकाश द्यावा लागेल, हे कोणी असं ओरडून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, सगळे पुतळे डोक्यांवरून डुलत चाललेले. शंभर वर्षांहून जुनी मिरवणूक, पण शिव्या ताज्या. लोक "घेऊन जा गे मारबत" ओरडत होते. मीही ओरडले. रोगराई घेऊन जा, ईडा-पीडा घेऊन जा, सही नाही म्हणणारे घेऊन जा, खिशात किल्ली वाजवणारे घेऊन जा! दोन्ही मारबती समोरासमोर आल्या तेव्हा मला मागून असा रेटा बसला की मी एका हातगाडीवर आपटले. कॅमेरा छातीशी होता.

संध्याकाळी परत करायला आले तेव्हा कळलं. दुकानात लाकडी नंदी घेतलेली, धोतर-फेटा नेसवलेली वीस-पंचवीस लेकरं. तान्हा पोळा म्हणजे तुमच्या धंद्याचा दिवस, आणि तुम्ही एक जुना, चिकटपट्टी लावलेला कॅमेरा घेऊन फोटो काढत होतात. त्याचा फ्लॅश तीनदा दाबल्यावर एकदा पेटत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पट्टा सैल करून पुन्हा तुमच्या मापाचा करायला घेतला तर म्हणालात, "राहू दे, मी करतो. तू त्या पोराले हसव." भाडं विचारलं तर म्हणालात, "एक प्रिंट आणून देजो."

मालिका जमा झाली, गुणही बरे मिळाले. काळी मारबत काळीच आली आहे, तिच्या साडीची घडीन् घडी दिसते. प्रिंट तयार आहे, रविवारी दुपारी आणते. रेटा बसला त्या क्षणाचाच फोटो आहे, त्यामुळे सगळी गल्ली डावीकडे कलली आहे. सरळ करता आली असती, मी केली नाही. तुम्ही पहिल्यांदा तेच बोलणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुमची,
पायरीवरची पोट्टी